‘सिम्प्सन्स’ पुन्हा पाहताना: नववा सीझन, दोन घोडे आणि प्रॉडक्शन कोड

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेली ‘द सिम्प्सन्स’ (बाप होमर, आई मार्ज आणि बार्ट, लिसा, मॅगी ही मुले यांची अमेरिकन कार्टून मालिका) आता बारा वर्षांच्या मुलीबरोबर पहिल्यापासून पाहायला घेतली आहे. आठव्या सीझनपर्यंत धमाल आली, दहावा लागल्यावर हात फोनकडे जायला लागला. नेटवर सगळे म्हणतात की नवव्यापासून मालिका उतरली. ती खरेच उतरली की आपलेच वय वाढले? आणि साडेसातशेच्या वर भाग असताना पुढचे पाहायचे की नाही, हे किती भागांवरून ठरवायचे?

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पुढचे सीझन वाईट आहेत का, हा पहिला. ते आधीच्यांपेक्षा वाईट आहेत का, हा दुसरा, आणि तो वेगळा आहे. तिसरा निव्वळ वेळेचा. एक भाग २२ मिनिटांचा धरला तर ७५० भागांचे २७५ तास होतात. रोज दोन पाहिले तरी वर्ष उलटून जाईल. बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला कंटाळून पहिल्याचे उत्तर देऊन मोकळे होतात.

आधी एक कबुली. तुम्ही कशासाठी पाहता यावर बरेच अवलंबून आहे. जेवताना मागे काहीतरी चालू हवे असेल तर पंधरावा सीझन आणि पाचवा सीझन यांत फारसा फरक पडणार नाही. मुलीबरोबर बसून नीट पाहत असाल तर पडेल, आणि खालचे सगळे त्या दुसऱ्या पाहण्यासाठी आहे.

सुरुवात चित्राच्या चौकटीपासून करा, कारण इथेच कित्येकांचा निवाडा चुकतो. ही मालिका १९८९ च्या डिसेंबरपासून २००९ च्या फेब्रुवारीपर्यंत चारास तीन अशा चौकोनी पडद्यासाठी काढली जात होती. रुंद पडदा विसाव्या सीझनच्या मध्यावर आला. डिस्ने प्लसवर २०१९ साली जुने भाग आले तेव्हा ते रुंद टीव्हीत बसावेत म्हणून वरून-खालून कापलेले होते. हिशेब करून पाहा, चारास तीनचे सोळास नऊ केले की चित्राची पाव उंची जाते. आरडाओरडा झाल्यावर २०२० च्या मे महिन्यात मूळ चौकट निवडायची सोय झाली. तुमच्याकडे कुठली आवृत्ती चालू आहे हे ओळखायला चौथ्या सीझनमधला ‘डफलेस’ लावा. बिअरच्या कारखान्यात पर्यटकांना तीन पिंपे दाखवतात, डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय. तिघांवरून एकच पाइप येतो आणि तिन्ही पिंपांत तीच बिअर पडते. विनोद एवढाच आहे आणि तो सगळा चित्राच्या वरच्या काठावर आहे. पाइप दिसला तर चौकट बरोबर. तीन पिंपेच दिसली तर सेटिंग शोधा, नाही सापडले तर निदान एवढे लक्षात ठेवा की जुन्या भागांतले विनोद तुमच्यापर्यंत अर्धेमुर्धे पोचत आहेत.

आता सीझनच्या आकड्याकडे. ‘नवव्यापासून उतरली’ हे वाक्य इतके रुळले आहे की कोणी ते तपासत नाही. अडचण अशी की सीझन म्हणजे दाखवण्याचा क्रम, बनवण्याचा नव्हे. एक भाग लिहून, वाचन करून, आवाज ध्वनिमुद्रित करून, स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिक (भागाचा कच्चा हलता आराखडा) तपासून, कोरियाला चित्रांसाठी पाठवून परत यायला आठ-नऊ महिने लागतात. त्यामुळे एका चमूने बनवलेले भाग पुढच्या सीझनमध्ये सांडतात. हे अगदी पहिल्या सीझनपासून आहे. ‘सम एन्चँटेड ईव्हनिंग’ हा पहिला बनलेला भाग, पण परदेशातून आलेले काम इतके कच्चे होते की बरेचसे पुन्हा करावे लागले आणि तो सीझनच्या शेवटी, १९९० च्या मे महिन्यात दिसला. त्याच्या जागी नाताळचा भाग आधी लागला.

म्हणून प्रॉडक्शन कोड, म्हणजे भाग कोणत्या उत्पादनात बनला ते सांगणारी खूण, पाहायचा. भागांच्या कुठल्याही यादीत तो नावाशेजारी असतो. आठव्या सीझनच्या उत्पादनाचे कोड ४एफ ने सुरू होतात, नवव्याचे ५एफ ने. ज्या भागाला सगळे ‘इथे मालिका मेली’ म्हणतात तो ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’ (प्रिन्सिपल स्किनर हा मुळात स्किनर नाहीच, असे सांगणारा) २८ सप्टेंबर १९९७ ला नवव्या सीझनचा दुसरा भाग म्हणून लागला. त्याचा कोड ४एफ२३. म्हणजे तो बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन यांच्या हातचा, ज्यांचे सातवा-आठवा सीझन लोक डोक्यावर घेतात. त्याच नवव्या सीझनमध्ये ‘लिसाज सॅक्स’ आहे, तो अ‍ॅल जीन आणि माइक रीस या जोडीने वेगळा करून दिलेला, कोड ३जी०२. ‘द जॉय ऑफ सेक्ट’ डेव्हिड मर्किनचा. उरलेले बहुतेक माइक स्कली या नव्या शोरनरचे (मालिकेची सूत्रे सांभाळणारा मुख्य लेखक-निर्माता). चार स्वयंपाकघरांतून आलेल्या ताटाला एकच चव कशी द्यायची? नववा सीझन ही सीमारेषा म्हणून सर्वांत निरुपयोगी जागा आहे.

त्याऐवजी शोरनरप्रमाणे कप्पे करा. पहिले दोन सीझन मॅट ग्रेनिंग, जेम्स एल. ब्रूक्स आणि सॅम सायमन. तिसरा-चौथा जीन आणि रीस. पाचवा-सहावा मर्किन. सातवा-आठवा ओकली आणि वाइनस्टाइन. नऊ ते बारा स्कली. तेराव्यापासून अ‍ॅल जीन एकटे, आणि ते बरीच वर्षे. मग हळूहळू मॅट सेलमन यांच्या वाट्याला जास्त भाग येत गेले आणि तेहतिसाव्या सीझनपासून, म्हणजे २०२१ पासून, मुख्य सूत्रे त्यांच्याकडे आली. सीझनच्या काठावरचे एक-दोन भाग इकडचे तिकडे असतात, तेवढे कोड पाहून हलवायचे. पाचव्या सीझनमधला ‘केप फिअर’ हे त्याचे उत्तम उदाहरण, कोड ९एफ२२, आणि ९एफ हे चौथ्या सीझनचे उत्पादन, म्हणजे तो चौथ्याच्या चमूचा. (त्यातच साइडशो बॉब हा खलनायक एकामागून एक नऊ वेळा दाताळ्यावर पाय देतो. भाग वेळेला कमी पडत होता म्हणून तो विनोद लांबवला. भर घातली म्हणजे विनोद पातळच होतो असे नाही, हे त्या दाताळ्यांनी सिद्ध केले.)

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिसऱ्या-चौथ्याचे अ‍ॅल जीन आणि तेराव्यापासूनचे अ‍ॅल जीन हा एकच माणूस आहे. तरी दोन्हीकडचे भाग वेगळे लागतात. म्हणून ‘अमक्याने मालिका बुडवली’ हे उत्तरही पुरत नाही. माझ्या मते मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या होत्या: गोष्टींचा साठा, अंकांची बांधणी आणि पात्रांची उरलेली खोली.

साठ्याचे सोपे आहे. एका नवरा-बायकोच्या आणि तीन मुलांच्या घरात पहिल्यांदा घडण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. नोकरी जाणे, शिक्षकावर जीव जडणे, आजोबांना विसरणे, बायकोचा संशय. आठ सीझनमध्ये त्या संपल्या. मालिकेला हे स्वतःलाही ठाऊक होते. १९९७ च्या फेब्रुवारीत ‘इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ हा १६७ वा भाग आला, त्याने ‘फ्लिंटस्टोन्स’ या जुन्या कार्टून मालिकेचा १६६ भागांचा आकडा ओलांडला, आणि त्याचा विषयच जुन्या कार्टूनमध्ये जान फुंकायला नवे पात्र घुसडणे हा होता. ‘वर्स्ट एपिसोड एव्हर’ (आजवरचा सर्वांत वाईट भाग) हे कॉमिक बुक गाय नावाच्या कॉमिक्सच्या दुकानदाराचे वाक्य त्याच भागातले. प्रेक्षकांच्या तक्रारीची थट्टा मालिकेने तक्रार वाढायच्या आधीच करून ठेवली.

बांधणीचे जरा जवळून पाहू. त्यासाठी दोन भाग एका संध्याकाळी लागोपाठ लावा: तिसऱ्या सीझनचा ‘लिसाज पोनी’ (नोव्हेंबर १९९१) आणि अकराव्याचा ‘सॅडलसोअर गॅलॅक्टिका’ (फेब्रुवारी २०००). दोन्हींत सिम्प्सनांच्या घरी घोडा येतो आणि दोन्हींत तो पोसायला पैसे नाहीत.

पहिल्यात लिसाच्या सॅक्सोफोनची रीड तुटते. शाळेच्या कार्यक्रमाआधी नवी आणून द्यायचे काम होमरकडे येते. संगीताचे दुकान मोच्या गुत्त्याला लागून आहे. होमर ‘एकच’ म्हणत आधी गुत्त्यात शिरतो आणि उशीर होतो. लिसाचा सगळ्यांसमोर पचका होतो. मग अपराधीपणातून तो तिला हवे असलेले तट्टू आणतो, खर्च झेपत नाही म्हणून अपू या भारतीय दुकानदाराकडे रात्रपाळी धरतो आणि झोपेविना झिजत जातो. शेवटी बापाची ही अवस्था पाहून लिसा स्वतःच तट्टू परत करते. दुकानाशेजारी गुत्ता असणे हा चित्रातला साधा तपशील आहे, पण सगळा भाग त्यावर उभा आहे. होमर होमर नसता तर घोडा आलाच नसता.

दुसऱ्यात सुरुवात जत्रेतल्या बँडच्या स्पर्धेने होते. त्यावरून लिसाची फसवणुकीची तक्रार. मग पाण्यात उडी मारणारा घोडा, तो घरी येतो, खर्च भागवायला त्याला शर्यतीत उतरवतात, तो हरतो, मग जिंकतो, आणि मग कळते की जॉकी हे मुळात गुप्त राज्यात राहणारे दुष्ट बुटके आहेत. मधेच कॉमिक बुक गाय येऊन आठवण करून देतो की या घरात आधीही घोडा होता. होमर जमलेल्यांना विचारतो, याचे मत कोणाला हवे आहे का? सगळे म्हणतात, नाही. हा विनोद चांगला आहे, मी तर म्हणेन भागातला सर्वांत चांगला. पण भाग पाहून झाल्यावर विचारा की घोडा कोणामुळे आला आणि गेल्याने कोणाला काय वाटले. उत्तर नाही.

यातून माझी तपासणीची चौकट निघते. प्रत्येक भागासाठी वहीत चार गोष्टी लिहायच्या. मुख्य अडचण कितव्या मिनिटाला आली. ती पात्राच्या स्वभावातून आली की बाहेरून येऊन आदळली. एखादे वाक्य नाव झाकून वाचले तर कोणाचे आहे ते कळेल का. आणि शेवटी कोणाचे काही गेले का, म्हणजे पैसा, मान, एखादी इच्छा. पहिल्या रकान्यात ७-८ मिनिटांच्या पुढचा आकडा वारंवार येऊ लागला तर पहिला अंक वाया जातो आहे असे समजा. इथे एक सवलत द्यायला हवी. जाहिराती वाढल्या तशी तीन अंकांची बांधणी पुढे चार अंकांची झाली, दर विश्रांतीआधी एक कलाटणी हवी असे ठरले. नंतरच्या भागांत धावपळ जास्त वाटते तिचा काही भाग याचा आहे, लेखकाच्या आळसाचा नाही.

पात्रांची खोली कमी होते ती नेड फ्लँडर्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसते, इतकी की या दुखण्याला इंग्रजीत त्याच्याच नावाने ‘फ्लँडरायझेशन’ म्हणतात. दुसऱ्या सीझनचा ‘डेड पुटिंग सोसायटी’ पाहा. तिथला नेड हा ज्याचे सगळे आपल्यापेक्षा बरे आहे असा शेजारी. घरात मनोरंजनाची झकास खोली, बिअरचा नळसुद्धा. होमर जळून वेडेवाकडे बोलतो, नेड चक्क रागावतो, त्याला घराबाहेर काढतो, आणि रात्री झोप येत नाही म्हणून माफीचे पत्र लिहितो. होमर ते पत्र घरच्यांना वाचून दाखवताना ‘बूझम’ म्हणजे ऊर या एका शब्दावर हसून हसून लोळतो. धर्म त्या नेडचा एक पैलू आहे. दहा वर्षांनी तोच त्याचा सगळा माणूस झालेला असतो आणि प्रत्येक वाक्य बायबलकडे वळते. एक खूण लक्षात ठेवा: पात्राला अनपेक्षित पण पटेल असे काही करता आले तर ते जिवंत आहे.

चित्रांबद्दल थोडे. आधीचे भाग सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांवर, हाताने रंगवलेले, चौदाव्या सीझनपासून, म्हणजे २००२ पासून, रंगकाम कायमचे संगणकावर गेले. रेषा स्वच्छ झाल्या, रंग सपाट झाले, आणि चेहरे ठरीव साच्याबाहेर जायचे कमी झाले. जुन्या भागात होमर घाबरला की पॉज करा, जबडा कुठल्या कुठे गेलेला असतो. नव्यात तो नेमका राहतो. काहींना नवे सुबक वाटते, मला जुने. हा आवडीचा मामला आहे, यावरून गुण कापू नयेत.

तसेच गुण कापू नयेत अशा आणखी दोन गोष्टी आहेत. एक, कालक्रम. १९९१ च्या ‘द वे वी वॉज’मध्ये होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेत आहेत, २००८ च्या ‘दॅट नाइन्टीज शो’मध्ये त्यांचे तरुणपण १९९० च्या दशकात सरकते. मुले कधीच मोठी होणार नसतील तर आई-बापांचा भूतकाळ सरकणारच. तो भाग फसला असेल तर इतर कारणांनी. दुसरे, माणसांचे जाणे. १९९८ मध्ये फिल हार्टमन गेले आणि त्यांच्याबरोबर वकील लायनेल हट्झ आणि नट ट्रॉय मॅक्लूअर दोघेही बंद झाले, दुसऱ्या कोणाला तो आवाज दिला नाही. ती पोकळी दहाव्या सीझनपासून जाणवते. मार्जचा आवाज काढणाऱ्या जूली कॅव्हनर यांचे वयही आता ऐकू येते. २०१७ पर्यंत अल्फ क्लॉसेन खऱ्या वाद्यवृंदाकडून पार्श्वसंगीत वाजवून घेत होते, त्यानंतर तेही बदलले.

अपूचा, म्हणजे त्याच्या अतिरंजित भारतीय उच्चारांचा, प्रश्न वेगळाच. आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो आता जास्त खटकतो, पण तो आवाज पहिल्या सीझनपासून तसाच होता. म्हणजे खटकणे हे काळ बदलल्याचे लक्षण आहे, नंतरचे सीझन उतरल्याचे नाही. २०१७ च्या ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ या माहितीपटानंतर वाद वाढला आणि २०२० मध्ये हँक अझारिया यांनी तो आवाज सोडला. मुलीबरोबर पाहताना सातव्या सीझनचा ‘मच अपू अबाउट नथिंग’ मुद्दाम लावा. स्थलांतरितांना हाकलायचा ठराव येतो आणि अपू घाबरून अमेरिकन असल्याचे सोंग करतो. त्याच उच्चारांतून किती सहानुभूतीचे लिखाण झाले होते आणि तरी उच्चार का बोचतात, दोन्ही एकाच भागात दिसते.

आता नमुना. नंतरच्या सीझनचे चार कप्पे करा: नऊ ते बारा, तेरा ते वीस, एकवीस ते बत्तीस, तेहतीसपासून पुढे. प्रत्येकातून दोन सीझन निवडा आणि त्यांचे सहावा, अकरावा आणि सोळावा भाग घ्या. हॅलोविनचा, जुन्या तुकड्यांचा संकलित, किंवा तीन छोट्या गोष्टींचा भाग आला तर त्याच्या पुढचा घ्या. असे कप्प्यामागे सहा, एकूण २४. आणि हे विसरू नका, तीन ते आठ सीझनमधूनही याच आकड्यांचे सहा भाग घ्या. जुन्या सीझनचे आपल्याला चौथ्यातल्या मोनोरेलच्या भागासारखे मानाचे भागच आठवतात, त्यांच्याशी विसाव्या सीझनच्या कुठल्याही रविवारच्या भागाची तुलना करणे म्हणजे एकाचे लग्नाचे जेवण आणि दुसऱ्याचा डबा. एकूण ३० भाग, ११ तास, रोज दोन धरले तर पंधरा दिवस. दोनच्या वर जाऊ नका. चौथ्या भागानंतर चांगला विनोदही बेचव लागतो, आणि ‘दहाव्यात कंटाळा आला’ याचे अर्धे कारण बहुधा तोवर तुम्ही दोनशे भाग सलग पाहिले होते हे आहे. प्रत्येक कप्प्यातला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट भाग बाजूला काढा, मधल्या चारांवर मत बनवा.

असे पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे: स्कलीच्या काळात विनोद अजून दणदणीत आहेत पण गोष्टी सैल आहेत. मधला मोठा पट्टा वाईट नाही, फिका आहे, आणि फिके ते वाईटापेक्षा लवकर विसरले जाते. गेल्या काही वर्षांत गोष्ट पुन्हा पात्रांपाशी येऊ लागली आहे. ‘पिक्सलेटेड अँड अफ्रेड’ (२०२२) मध्ये जवळजवळ सगळा वेळ होमर आणि मार्ज दोघेच बर्फाळ रानात अडकलेले आहेत, आणि तिसऱ्या सीझनच्या चमूलाही आवडावा असा तो भाग आहे.

सगळा नमुना काढायला वेळ नसेल तर नंतरच्या काळातले हे थेट पाहा: ‘ट्रिलॉजी ऑफ एरर’ (२००१), ‘इटर्नल मूनशाइन ऑफ द सिम्प्सन माइंड’ (२००७), ‘हॉलिडेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०११), ‘हॅलोविन ऑफ हॉरर’ आणि ‘बार्टहुड’ (दोन्ही २०१५). फक्त यावरून सीझन जोखू नका, हे निवडून काढलेले आहेत.

मुलीचे म्हणाल तर तिला क्रमाने नेण्याची गरज नाही. तिला लिसाचे भाग द्या: ‘लिसाज सबस्टिट्यूट’, ‘लिसाज पोनी’, मग थेट ‘हॅलोविन ऑफ हॉरर’, ज्यात लिसा घाबरलेली आहे आणि होमर तिच्याजवळ घरात थांबतो. यांच्यात चोवीस वर्षांचे अंतर आहे हे तिला आधी सांगू नका. तिच्या लक्षात येते का, आणि आले तर कशावरून, ते वहीच्या पाचव्या रकान्यात लिहून ठेवा.